काटकसर आणि कृपणता

नोकरीतील बदल्यांमुळे आम्हांस काशी-गयेचे दर्शन घडले. घरापासून शेकडो कोस दूर, तेथे अहिल्याबाई होळकरांचे नाव ऐकून ऊर भरून आला. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वराहून कारभार पाहणाऱ्या या बाईंची राहणी साधी होती. दौलतीच्या पैशाचा हिशेब त्या चोख ठेवीत. दानधर्म खासगीच्या उत्पन्नातून करीत. काशीविश्वनाथाचे मंदिर (१७८०) आणि गयेचे विष्णुपद मंदिर त्यांनीच उभारले. स्वतःसाठी हात आखडता घेणे ही काटकसर. दुसऱ्याला देताना तो आखडणे ही कृपणता. सुवर्णमहोत्सवाचा जमाखर्च मांडताना आपण रोषणाईत खुशाल कपात करू. नव्याने बदलून आलेल्या मराठी कुटुंबाच्या उतरण्याच्या सोयीत मात्र एका पैचीही नको.