उसन्या लहरी

"युद्धं वाईट खरी, पण त्यांच्यामुळे तंत्रज्ञान पुढे जातं" हे वाक्य गप्पांमध्ये कधी ना कधी येतंच. मग रडार येतं, जेट विमान येतं, जीपीएस येतं, इंटरनेटचा पूर्वज येतो. लष्कर शोधून काढतं आणि ते झिरपत झिरपत आपल्या घरापर्यंत पोचतं, असा एकूण सूर असतो. यात खोटं काही नाही, पण हा रस्ता एकेरीही नाही. मला अशा वेळी हमखास आठवतो तो दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैन्याचा एफएम वायरलेस. तो लष्करातून गावात आला नाही, गावच्या पोलिसांच्या गाडीतून रणगाड्यात गेला.

गोष्ट सुरू होते एडविन आर्मस्ट्राँगपासून. (चंद्रावरचा नव्हे, हा १८९० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला.) विद्यार्थी असतानाच, १९१२ साली, त्याने क्षीण संदेश कित्येक पटींनी मोठा करणारं सर्किट बनवलं. पहिल्या महायुद्धात सिग्नल कोअरचा अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये असताना, १९१८ मध्ये, सुपरहेटरोडाइन नावाची रचना काढली, जी पुढे घरोघरच्या रेडिओत जाऊन बसली. लोक त्याला 'मेजर' म्हणत. आणि २६ डिसेंबर १९३३ या दिवशी त्याला एफएमची पेटंटं मिळाली.

मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकलेल्यांना एएमचं दुखणं सांगायला नको. वीज चमकली की खर्र, शेजारी मिक्सर लागला की खर्र. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर लादलेला असतो, आणि वीज, मोटार, ठिणगी या सगळ्या नेमक्या त्या उंचीतच ढवळाढवळ करतात. एफएममध्ये उंची तशीच राहते, बोलण्याप्रमाणे बदलते ती कंपनसंख्या. रिसीव्हरने उंचीतले चढउतार छाटून टाकले की बरीचशी खरखर त्यांच्याबरोबरच जाते. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ इंजिनिअरांसमोर आर्मस्ट्राँगने प्रात्यक्षिक केलं, तेव्हा पेल्यात ओतलेल्या पाण्याचा आणि चुरगाळलेल्या कागदाचा आवाजसुद्धा स्वच्छ ऐकू आला. एफएमचा आणखी एक गुण आहे. एकाच लहरीवर दोघं बोलू लागले तर एएममध्ये दोघांची मिळून शिट्टी ऐकू येते. एफएमचा रिसीव्हर मात्र जो जोरात असेल त्याला पकडतो आणि दुसऱ्याला जवळपास गाडून टाकतो.

आर्मस्ट्राँगच्या डोक्यात होतं संगीत. पोलिसांच्या डोक्यात वेगळंच होतं. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गाड्यांमध्ये रेडिओ बसवले, पण गाडीतल्या शिपायाने नुसतं ऐकायचं, उत्तर द्यायची सोय नाही. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयोन गावी दुतर्फा बोलणं सुरू झालं. पण हे सगळं एएमवर, म्हणजे इंजिन चालू असताना ऐकणं ही शिक्षाच. मग कनेक्टिकट राज्यातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या डॅनियल नोबल नावाच्या प्राध्यापकाने राज्याच्या पोलिसांसाठी एफएमचं दुतर्फा जाळं आखलं. १९४० साली ते सुरू झालं. टेकड्यांवर ठाणी, रस्त्यावर गाड्या, ठाण्याशीही बोला आणि गाडी-गाडीतही बोला. त्याच वर्षी शिकागोच्या गॅल्विन कंपनीने नोबलला संशोधनासाठी बोलावून घेतलं. ही कंपनी गाड्यांतले रेडिओ बनवायची आणि ते विकायची 'मोटोरोला' या नावाने.

आता सैन्याची अडचण बघा. रणगाडा म्हणजे लोखंडाच्या डब्यात ठिणग्या पाडणारं इंजिन, वर साखळीपट्ट्यांचा खडखडाट, आणि हे सगळं पळतंय. थांबून, इंजिन बंद करून बोलायचं तर रणगाड्याचा उपयोगच काय? जर्मन आणि ब्रिटिश रणगाड्यांत एएम संचच होते. अमेरिकेत फोर्ट मॉन्मथ इथल्या सिग्नल कोअरच्या प्रयोगशाळेत कर्नल रॉजर कोल्टन यांनी एफएमचा आग्रह धरला. पोलिसांच्या गाडीत जे चालतं ते रणगाड्यात का चालू नये, हा प्रश्न साधा वाटतो. पण सैन्याचे जुने संच, शिकवलेली माणसं, सगळं एएमचं. अशा वेळी आख्खं चिलखती दल नव्या पद्धतीवर न्यायचं, हे धाडसच.

नुसतं उचलून नेऊन भागत नव्हतं, आणि मला या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. पोलिसांचा शिपाई एका ठरलेल्या लहरीवर बोलतो. रणगाड्याच्या तुकडीला अनेक लहरी लागतात, आणि हादऱ्यांनी बटण हललं की लहर सुटते. उपाय होता क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. त्याची चकती ठरावीक जाडीची कापली की ती ठरावीक कंपनसंख्येलाच थरथरते, रणगाडा कितीही उडू दे. एससीआर-५०८ या संचात एकूण ८० लहरी होत्या. त्यातल्या दहा आधीच लावून ठेवायच्या आणि लढाईत फक्त एक बटण दाबायचं. हातमोजे घातलेल्या, घाबरलेल्या, नुकत्याच भरती झालेल्या पोरालाही जमलं पाहिजे, हा हिशोब. पण त्यामुळे प्रत्येक लहरीला एक स्फटिक लागला. चांगला क्वार्ट्झ यायचा ब्राझीलमधून. युद्धाआधी अमेरिकेत वर्षाला लाखभर चकत्या बनत, युद्धात त्या कोटींच्या घरात गेल्या. त्यांतल्या कितीतरी हौशी रेडिओवाल्यांनी सुरू केलेल्या छोट्या छोट्या कारखान्यांत घासल्या गेल्या.

दुसरी अडचण मनोऱ्याची. पोलिसांचं जाळं टेकडीवरच्या ठाण्यावर उभं असतं. रणांगणावर टेकडी शत्रूच्या हातात असते! तिथे कोणी कोणाचं ठाणं नाही, प्रत्येकाने आपलं जाळं पाठीवर घेऊन फिरायचं. नोबल आणि त्याच्या माणसांनी केलेला एससीआर-३०० हा शब्दशः पाठीवरचा होता. वजन सुमारे १५ ते १७ किलो, पल्ला पाचेक किलोमीटर. 'वॉकीटॉकी' हे नाव याच संचामुळे जगभर झालं. या गटात हेन्रिक मॅग्नुस्की नावाचा एक पोलिश इंजिनिअर होता. १९३९ मध्ये तो अमेरिकेत असताना त्याच्या देशावर हल्ला झाला आणि तो तिकडेच राहिला. या संचात ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच चकतीने जुळतं. एकाने बरोबर लावलं की दुसरं आपोआप बरोबर. असे जवळपास ५०,००० संच बनले आणि इटलीपासून नॉर्मंडीपर्यंत फिरले.

आणि तरीही जाळं अपुरंच होतं. रणगाड्यांचा संच २० ते २८ मेगाहर्ट्झला, पायदळाच्या पाठीवरचा ४० ते ४८ ला, आणि हातात धरायचा छोटा संच तर एएमचा. प्रत्येकाने आपापलं उत्तम केलं, पण एकमेकांशी बोलायचं कसं? १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या दाट कुंपणांच्या शेतांत हे महागात पडलं. दहा पावलांवरच्या रणगाड्याला "डावीकडे मशीनगन आहे" हे सांगायला सैनिकाला वर चढून झाकण ठोठवावं लागे. शेवटी रणगाड्यांच्या मागे चक्क टेलिफोन लटकवले. काही रणगाड्यांत विमानाचे रेडिओ बसवून त्यात वैमानिक बसवले, म्हणजे वरच्या विमानांशी बोलता येईल. आधुनिक सैन्याची ही जुगाडं वाचताना हसू येतं, आणि मग त्या झाकण ठोठावणाऱ्याची आठवण होऊन ते जातं.

असो. आता मूळ मालकाकडे येऊ.

युद्ध सुरू झाल्यावर आर्मस्ट्राँगने आपली पेटंटं सैन्याला फुकट वापरू दिली. म्हणजे त्या प्रत्येक रणगाड्यामागे, प्रत्येक पाठीवरच्या डब्यामागे त्याला एक पैसा मिळाला नाही, आणि पेटंटाची सतरा वर्षं तर सरतच होती. युद्ध संपता संपता, जून १९४५ मध्ये, सरकारी आयोगाने नागरी एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८-१०८ वर नेला. आधी विकले गेलेले लाखो रेडिओ एका निर्णयाने मुके झाले. आरसीए ही बलाढ्य कंपनी टीव्हीच्या आवाजासाठी एफएम वापरत होती, पण त्याची रॉयल्टी द्यायला तयार नव्हती. आर्मस्ट्राँगने १९४८ मध्ये दावा लावला आणि कोर्टकचेरीत पैसा, तब्येत, संसार सगळं घालवलं. १९५४ च्या ३१ जानेवारीच्या रात्री त्याने आत्महत्या केली. पुढचं सगळं त्याची बायको मॅरियन लढली. आरसीएने त्याच वर्षअखेर सुमारे दहा लाख डॉलर देऊन मिटवलं. बाकीच्या कंपन्यांशी ती एकेक करत लढत राहिली. शेवटचा निकाल लागला १९६७ मध्ये, तिच्या बाजूने. हरलेली कंपनी कोण? मोटोरोला. म्हणजे तीच गॅल्विन, जिने पाठीवरचा एफएम संच बनवून नाव कमावलं.

हे वाचल्यापासून मला 'युद्धाने तंत्रज्ञान दिलं' हे वाक्य अर्धवट वाटतं. इथे तरी सैन्य ऋणको आहे. त्याने एकाची कल्पना घेतली, दुसऱ्याचं जाळं घेतलं, हौशी लोकांचे हात घेतले. त्यात स्वतःची भर जरूर घातली, पण श्रेय सांगताना खातेवहीचं एकच पान वाचलं जातं.

उसनवारी आजही चालूच आहे, फक्त तिची जात बदलली आहे. भारतीय सैन्याचा 'संभव' फोन घ्या. ५जी वर चालणारा हा सुरक्षित फोन ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनशी झालेल्या वाटाघाटींच्या वेळी वापरला, असं लष्करप्रमुखांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. इथे निदान फोन आणि कुलूप आपलं आहे. युक्रेनचं उदाहरण जास्त बोलकं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला त्याच सकाळी तिथली व्हायासॅटची उपग्रह सेवा सायबर हल्ल्याने कोलमडली. दोनच दिवसांनी तिथल्या मंत्र्याने इलॉन मस्कला ट्विटरवर जाहीर साकडं घातलं, आणि काही दिवसांत स्टारलिंकच्या तबकड्या पोचल्या. खेड्यात इंटरनेट देण्यासाठी बनलेली वस्तू आघाडीवरच्या सैन्याचा कणा झाली. मात्र पुढे क्रिमियाजवळच्या मोहिमेसाठी सेवा सुरू करायला मस्कने नकार दिला, हे त्याने स्वतःच २०२३ मध्ये सांगितलं.

फरक इथे आहे. आर्मस्ट्राँगने कल्पना दिली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली नाही. एससीआर-३०० सैनिकाच्या पाठीवर आला की तो त्याचा झाला, शिकागोहून कोणी तो बंद करू शकत नव्हतं. आज सैन्य उसनं घेतं ते यंत्र नाही, चालू सेवा घेतं, आणि तिचं बटण दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर असतं. तेव्हा उसनं देणारा बुडाला. आता घेणाऱ्याने जपून राहायची पाळी आहे.

मस्कचा निर्णय बरोबर की चूक यावर कितीही वाद घालता येईल. पण युद्ध कुठवर न्यायचं हा प्रश्न एका कंपनीच्या मालकापुढे यावा, हे मला त्या निर्णयापेक्षाही जास्त अस्वस्थ करतं. आणि मॅरियन आर्मस्ट्राँगची तेरा वर्षं आठवली की दुसरी बाजूही दिसते: किल्ली न ठेवता देणाऱ्याशी आपण कसे वागलो, हे नंतरच्या सगळ्या देणाऱ्यांनी पाहिलेलं आहे.