घटनादुरुस्त्यांचें स्मरण : आगम, आदेश व लोप

भारतीय राज्यघटनेच्या दुरुस्त्या क्रमांकवार घोकण्याचा प्रघात विद्यार्थिवर्गांत रूढ आहे. २०२३ सालापर्यंत अशा १०६ दुरुस्त्या झाल्या. क्रमांक व साल यांची नुसती जोडी परीक्षेपुरती मुखोद्गत होते व लवकरच विस्मृतींत जाते, असा आमचा अध्यापनकालांतील अनुभव आहे. हा विषय इतिहाससंशोधकाच्या कक्षेबाहेरचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु राज्यघटना हीहि एक पोथी असून दुरुस्त्या हे तिचे पाठभेद होत, या दृष्टीनें पाहिल्यास त्यांचें स्मरण सुकर होतें. इतकेंच नव्हे, तर आपल्या संग्रहांतील कांहीं कागदांचा अर्थहि त्यांवाचून पुरा लागत नाहीं, असें आम्हांस दाखवावयाचें आहे.

अमेरिकेंत १७८९ सालीं हाच प्रश्न उपस्थित झाला होता. दुरुस्त्या मूळ कलमांतच गुंफाव्या असें मॅडिसन यांचें मत होतें. त्या अखेरीस जोडाव्या असा शर्मन यांचा आग्रह होता व तोच मान्य झाला. त्यामुळें तेथें जुना पाठ आपल्या जागीं शाबूत आहे. आपल्याकडे दुरुस्ती मूळ संहितेंत मुरते व जुना पाठ तळटीपेंत जातो. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या हस्ताक्षरांतील मूळ प्रत आजच्या मुद्रित प्रतीशीं ताडून पाहिल्यास हा भेद उद्देशिकेपासूनच दिसूं लागतो.

दुरुस्तीचे प्रकार मात्र तीनच. २४ व्या दुरुस्तीनें (१९७१) अनुच्छेद ३६८ मध्यें भर घालणें, बदल करणें व निरसन करणें असे ते स्पष्ट नमूद झाले. वैयाकरणांस हे आगम, आदेश व लोप या नांवांनीं चिरपरिचित आहेत. अंकापुढें अक्षर दिसलें कीं बहुधा आगम समजावा : ३१क व ३१ख (पहिली दुरुस्ती, १९५१), २१क (८६ वी, २००२). उद्देशिकेंत ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द ४२ व्या दुरुस्तीनें (१९७६) आले. हा वरवर आगम दिसतो. परंतु कायद्याच्या भाषेंत जुन्या शब्दसमूहाच्या जागीं नवा घातलेला असल्यामुळें तो आदेश होय. लोपाचीं उदाहरणें दोन. २६ व्या दुरुस्तीनें (१९७१) संस्थानिकांच्या तनख्यांचा व विशेषाधिकारांचा आधार असलेले अनुच्छेद २९१ व ३६२ गळले. ४४ व्या दुरुस्तीनें (१९७८) मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा अनुच्छेद ३१ गळला.

प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य राहतें, हें व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस सांगणें नलगे. येथेंहि तसेंच घडलें आहे. ३१ गेला, पण ३१क व ३१ख उभे आहेत. मूळ अंक नाहीसा झालेला असतां हीं अक्षरें कोठून आलीं, असा प्रश्न ज्यास पडतो त्यास १९५१ सालीं जावें लागतें.

त्या वर्षीं बिहारचा जमीनसुधारणा कायदा पाटण्याच्या उच्च न्यायालयानें अवैध ठरविला होता. असे कायदे मूलभूत हक्कांच्या कारणावरून रद्द होऊं नयेत म्हणून पहिल्या दुरुस्तीनें नववी अनुसूची निर्माण केली व तींत १३ कायदे घातले. त्यांतच मुंबईचा खोती नष्ट करणारा कायदा आणि १९५० चा परगणा व कुळकर्णी वतनें नष्ट करणारा कायदा हे आहेत. हैदराबादच्या जहागिरींविषयींचे दोन विनियमहि तेथेंच आहेत.

आपण ज्या सनदा, महजर व करीने जुन्या वाड्यांतून गोळा करतों, त्यांचें हक्काचा पुरावा म्हणून असलेलें मोल या कायद्यांनीं संपविलें व अनुसूचीनें त्या समाप्तीस कवच दिलें. ज्या कागदावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले, तो यापुढें केवळ इतिहासाचा साक्षी उरला. ज्या घरास त्याचा उपयोग उरला नाहीं, त्या घरांत तो कसरीच्या तोंडीं जाणें स्वाभाविक होतें. तो वांचविणें हें तेव्हांपासून संशोधकाचेंच काम झालें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक दुरुस्ती क्रमांकाशीं न जोडतां एखाद्या वस्तूशीं जोडावी. वतनी कागद हातीं घेतांना पहिली आठवावी. संस्थानी शिक्का पाहतांना २६ वी. गोव्याचा विषय निघतांच १२ वी (१९६२) व ५६ वी (१९८७). अनुसूचीचा उल्लेख दप्तराच्या यादींतहि एका ओळीनें करावा. पुढील अभ्यासकास दप्तर कोणत्या सालापर्यंत हक्काचें होतें व केव्हांपासून केवळ स्मृतीचें झालें, हें त्यावरून कळेल. इत्यलम्‌.