एंडे, मिखाएल

(१२ नोव्हेंबर १९२९ – २८ ऑगस्ट १९९५). जर्मन अद्भुतकथालेखक. आपल्या दोन सर्वश्रेष्ठ कादंबऱ्या त्याने मायदेशात नव्हे, तर इटलीतील वास्तव्यात लिहिल्या. त्याचा जन्म बव्हेरियातील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे झाला. वडील एडगर एंडे हे अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नातील प्रतिमांना सत्याचा दर्जा देणाऱ्या पंथाचे चित्रकार होते. नाझी राजवटीने त्यांच्या कलेवर बंदी आणल्याने कुटुंबाची ओढाताण झाली; त्यांची दृष्टी मात्र मुलाच्या लेखनात कायमची मुरली. युद्धाच्या अखेरीस सैन्यभरतीचा हुकूम येताच किशोरवयीन एंडेने तो फाडून टाकला आणि पळ काढला. पुढे म्यूनिकमध्ये अभिनयाचे शिक्षण घेऊन त्याने काही काळ नाटकांत कामे केली.

अनेक प्रकाशकांनी नाकारलेली जिम क्नोफ व इंजिनचालक लुकास यांची साहसकथा १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला जर्मन बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तिच्यातील ड्रॅगननगरीच्या वेशीवर, शुद्ध वंशाच्या नसलेल्या ड्रॅगनांना मज्जाव करणारी पाटी आहे. तिचा रोख नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाकडे आहे, हे उघड आहे. तथापि साहित्याने समाजवास्तवच मांडावे असा आग्रह तत्कालीन जर्मन समीक्षेत प्रबळ होता आणि एंडेवर पलायनवादाचा, म्हणजे वाचकाला वास्तवापासून दूर नेल्याचा, आरोप होत राहिला. या वातावरणाला कंटाळून तो १९७१ च्या सुमारास पत्नी, अभिनेत्री इंगेबोर्ग होफमान हिच्यासह रोमच्या दक्षिणेकडील जेन्झानो येथे राहावयास गेला.

तेथे लिहिलेल्या ‘मोमो’ (१९७३) या कादंबरीत, शहराच्या कडेला एका पडक्या प्राचीन रंगमंडलात राहणारी पोरकी मुलगी लोकांचे बोलणे मन लावून ऐकते, तर करड्या पोशाखातील माणसे वेळ वाचविण्याच्या नावाखाली लोकांचा वेळ लुबाडतात आणि त्याच चोरलेल्या वेळाचे चिरूट ओढून जिवंत राहतात. पलायनवादाच्या आरोपाला याहून समर्थ उत्तर क्वचितच कोणी दिले असेल, कारण येथे कल्पित कथाच आधुनिक जीवनातील घाईगर्दीचा हिशेब मांडते.

‘अंतहीन कथा’ (१९७९) हा या विचाराचा पुढचा टप्पा होय. बास्टियान हा एकलकोंडा मुलगा पुस्तक वाचता वाचता त्यातील कल्पनाराज्यात शिरतो. तेथे त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते, पण दर इच्छेगणिक पूर्वायुष्याची एक स्मृती पुसली जाते, आणि परतीची वाट न सापडलेले लोक भान हरपून तेथेच अडकतात. मानवी जग व कल्पनाराज्य यांसाठी मूळ आवृत्तीत तांबडी व हिरवी अशा दोन शाया वापरल्या असून सव्वीस प्रकरणांचा आरंभ वर्णमालेतील अक्षरांच्या क्रमाने होतो. ही मांडणी केवळ सजावट नसून कथेचाच भाग आहे, म्हणून एकरंगी आवृत्त्यांत ती कथा काहीशी उणी भासते.

वोल्फगांग पेटरसनने १९८४ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात मुख्यतः पूर्वार्धच आला आणि इच्छांची किंमत मोजावयास लावणारा भाग गळाला. आशयाचा विपर्यास झाल्याचे सांगून एंडे न्यायालयात गेला, पण दावा हरला.

१९८५ मध्ये इंगेबोर्गच्या निधनानंतर तो म्यूनिकला परतला. १९८९ मध्ये त्याने आपली जपानी अनुवादक मारिको सातो हिच्याशी विवाह केला. ‘आरशातला आरसा’ (१९८४) हा वडिलांच्या चित्रांसह प्रसिद्ध झालेला त्याचा प्रौढांसाठीचा गूढ कथासंग्रह तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. श्टुटगार्टजवळील फिल्डरश्टाट येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. म्यूनिकच्या ब्लूटेनबुर्ग किल्ल्यात त्याचे संग्रहालय आहे.