बुरशीची जागा नदीच्या वरच्या अंगाला

गडनदी कणकवलीवरून उतरत येते आणि समुद्राला मिळण्याआधी तोंडवली-तळाशीलपाशी किनाऱ्याला समांतर वळते. एका अंगाला कालावलची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माडांखाली मच्छीमारांची घरे. वरून वाहत आलेले सारे या खाडीत येऊन थबकते, आणि कालवे, तिसऱ्या हेच पाणी गाळून जगतात. काही बुरशी पाण्यातले शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू धरून ठेवतात, हे कळल्यावर अशा खाड्यांमध्येच त्यांना कामाला लावावे असे कुणालाही वाटेल. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ही विद्या कारखान्याच्या दारात जन्मली, आणि तिचा खरा उपयोगही तिथेच आहे. नदीच्या मुखाशी ती निरुपयोगी ठरेल.

तिच्या महाराष्ट्रातल्या इतिहासाचा एक धागा मालवणपर्यंत येतो. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म मालवणचा, 1884 सालचा. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केल्यावर त्यांनी 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. 1992 पासून तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. आघारकरांनी स्वतः धातू आणि बुरशी यांवर काम केले नाही. पण त्यांनी जोपासलेल्या संस्थेत बुरशी गोळा करण्याची, ओळखण्याची आणि जतन करण्याची परंपरा रुजली. बुरशीतज्ज्ञ अजरेकरांच्या नावाचा तिथला बुरशीसंग्रह ही त्याची खूण. या कष्टाच्या, बहुतेकांना नीरस वाटणाऱ्या कामाचे मोल आपण फार कमी लेखतो. पुढे याच संस्थेत किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी पेनिसिलियम क्रायसोजेनमच्या टाकाऊ तंतूंनी द्रावणातले धातू शोषण्यावर 1993 मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

यातला ‘टाकाऊ’ हा भाग महत्त्वाचा. याच बुरशीपासून पेनिसिलिन मोठ्या टाक्यांत तयार होते. औषध द्रवात उतरते, आणि गाळणीवर ओल्या लगद्यासारखी तंतूंची वडी उरते. भारतात 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पेनिसिलिन इथे बनू लागले, तेव्हा ही वडीही कारखान्याच्या कचऱ्याचा एक भाग झाली. धातू पकडायला ती जिवंत असावी लागत नाही. पेशीभित्तिकेतले कायटिन, ग्लुकन आणि प्रथिने यांच्यावरील ऋणभारित जागा धन भार असलेल्या धातूला ओढून घेतात. म्हणून वाळवलेली, दळलेली, सौम्य अल्कलीने धुतलेली भुकटीही चालते. विषारी पाण्यात जिवंत जीव मरतो, ही अडचण इथे येतच नाही. व्होलेस्की आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्याच अभ्यासात पेनिसिलियमच्या एक ग्रॅम कोरड्या भुकटीने सुमारे 116 मिलिग्रॅम शिसे धरले. पण त्यासाठी पाण्याचा सामू 4 ते 5 च्या आसपास राखावा लागला. त्याहून आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन त्याच जागा बळकावतात. म्हणूनच सौम्य आम्लाने भुकटीतला धातू सोडवून ती पुन्हा वापरता येते.

आता खाडीचे पाणी पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सोडियम दहा ग्रॅमहून जास्त, मॅग्नेशियम एक ग्रॅमहून जास्त आणि कॅल्शियम सुमारे 400 मिलिग्रॅम असते. जड धातू असलाच तर तो मायक्रोग्रॅमच्या हिशोबात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच जागांसाठी झगडतात. शिवाय कॅडमियम क्लोराइडशी जोडले जाऊन बुरशीच्या हाती लागेनासे होते, आणि उरलेला बराचसा धातू चिखलाला चिकटून बसतो. त्यात भरती-ओहोटीने रोज दोनदा बदलणारे पाणी गाळायचे म्हटले तर समुद्रच गाळावा लागेल. कणकवलीच्या परिसरातल्या क्रोमाइटच्या साठ्यांमुळे भीती वाटणे साहजिक आहे. पण खनिजातले क्रोमियम बहुतांशी त्रिसंयुज आणि अविद्राव्य असते. दगडात असलेला धातू आणि पाण्यात विरघळलेला धातू यांत फरक करायलाच हवा. घातक षट्संयुज क्रोमियम मुख्यतः मुलामा देण्यासारख्या उद्योगांच्या सांडपाण्यात सापडते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे: इतके सोपे आहे तर हे बाजारात का नाही? उत्तर अमेरिकेत 1980-90 च्या सुमारास काही कंपन्यांनी असे शोषक विकून पाहिले, त्यांचा जम बसला नाही. डंडीचे जेफ्री गॅड यांनी 2009 च्या आढाव्यात या क्षेत्रातल्या असंख्य निबंधांच्या उपयुक्ततेवरच प्रश्न उभा केला. त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. चुन्याने धातूचा साका बसवणे स्वस्त आणि सवयीचे, आयन-विनिमय रेझिन भरवशाचे. धातूने भरलेली भुकटी तर पुन्हा घातक कचराच. तरीही चुना मोठा भार उतरवतो आणि शेवटचा थोडा अंश मागे ठेवतो, तर कायदा अंतर्गत जलस्रोतात सोडायच्या सांडपाण्यात शिसे आणि षट्संयुज क्रोमियम लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच चालवतो. त्या शेवटच्या अंशासाठी चुन्यानंतर, गोड्या पाण्यात, कारखान्याच्याच आवारात भुकटीचा स्तंभ बसवावा, आणि धातू सोडवून परत मुलाम्याच्या टाकीत वापरावा. ज्याने धातू पाण्यात घातला त्यानेच तो तिथल्या तिथे काढावा. तळाशीलच्या मच्छीमाराने खाडी साफ करण्याची वाट पाहणे हा उपाय नव्हे.