काचेपलीकडची आई (धागा)

पॅरिसच्या एका प्राणिउद्यानात कोंबडीची अंडी उबवणारे यंत्र मांडलेले होते. प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी ते पाहिले आणि माणसाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तशीच पेटी करवून घेतली. १८८० च्या सुमारास मातेर्निते रुग्णालयात ती बसली. गरम पाण्यावर चालणारी, एकाच वेळी अनेक बाळे मावणारी. दोन किलोहून कमी वजनाच्या अर्भकांचा मृत्युदर त्यानंतर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे.

नवजात अतिदक्षता विभागाचा इतिहास येथून सुरू होतो आणि पुढे बहुधा यंत्रांचाच इतिहास होऊन बसतो. पेटीबाहेर उभ्या असलेल्या बाळंतिणीचे काय झाले, हे त्यात क्वचितच येते.

तार्निए यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्या मात्र ते लक्षात आले होते. ज्या बाळांची काळजी आईला स्वतः घेता आली नाही, त्यांच्याविषयी काही आयांची ओढच आटते आणि त्या बाळाला सोडून जातात, असे त्यांनी लिहून ठेवले. म्हणून आईने रुग्णालयात यावे, बाळाला अंगावर पाजावे, असा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह मागे पडला. १८९६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पेट्यांतील जिवंत बाळे लोकांना दाखवण्यात आली. पुढे मार्टिन कूनी या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ पासून १९४३ पर्यंत हाच उद्योग केला. त्याच्या वैद्यकीय पदवीचा पुरावा आजवर सापडलेला नाही; पण प्रेक्षकांच्या तिकिटांवर चाललेल्या या शुश्रूषेचा खर्च तो पालकांकडून घेत नसे, हेही खरे. दरम्यान रुग्णालयांनी जंतुसंसर्गाच्या भीतीने दारे लावून घेतली. आईने काचेतून पाहावे आणि परत जावे, हा नियम झाला.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे आयांना प्रथमच आत सोडून पाहण्यात आले. हात धुऊन बाळाला स्पर्श करणाऱ्या आयांमुळे संसर्ग वाढला नाही. ज्या भीतीपायी दशकानुदशके ताटातूट झाली, तिला फारसा आधार नव्हता, हे एवढ्या साध्या प्रयोगातून दिसले. पुढे मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल यांनी १९७२ मध्ये अवघ्या २८ आयांच्या अभ्यासावरून जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांचे महत्त्व मांडले. हा निष्कर्ष लोकांनी ताणला. पहिले तास हुकलेल्या आयांना आपले नाते कायमचे उणे राहिले असे वाटू लागले. हा अन्याय होता. माणसाची माया अशी घड्याळावर बांधलेली नसते, आणि दोघांनीही पुढे आपली भूमिका सौम्य केली.

खरे वळण आले ते कोलंबियात, आणि तेही अभावातून. बोगोता येथील माता-बाल संस्थेत पेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत, एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई, आणि बाळे टाकून जाणाऱ्या आयाही होत्या. १९७८ मध्ये डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी, उभे, फडक्याने बांधून ठेवण्यास सुरुवात केली. पुढच्या वर्षी डॉ. एक्तोर मार्तीनेस त्यांना येऊन मिळाले. ऊब आईची, दूध आईचे, आणि प्रकृती स्थिर होताच घरी रवानगी. पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यावरून पद्धतीला कांगारूचे नाव मिळाले. मराठीत 'पोटाशी धरणे' हा शब्दप्रयोग त्याआधीपासून होताच.

युनिसेफने या कामाला मोठी प्रसिद्धी दिली. पण १९८५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक परखड लेख आला. बोगोताला जाऊन आलेल्या ब्रिटिश लेखकांनी दाखवले की, मृत्यू घटल्याचे आकडे मोजताना पहिल्या काही दिवसांतच दगावलेली बाळे धरलेलीच नव्हती. आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर देण्याचे काम नताली शार्पाक आणि सहकाऱ्यांनी केले. ७४६ बाळांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून १९९७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. मृत्युदरात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे चमत्कार नव्हे. पण आईच्या छातीशी असलेले बाळ पेटीतल्या बाळाहून अधिक धोक्यात नव्हते.

तरीही एक अट शिल्लक होती: आधी बाळ स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या. अतिदक्षतेतील सर्वांत कठीण दिवस आईविनाच जात. ही अट भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील चाचणीत तपासली गेली. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १ ते १.८ किलो वजनाची ३,२११ बाळे तीत होती. एका गटात बाळ स्थिर झाल्यावर आईकडे दिले जाई. दुसऱ्यात जन्मानंतर लगेच. २८ दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात १५.७ टक्के, दुसऱ्यात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली.

त्यासाठी रुग्णालयांना विभागाची रचनाच बदलावी लागली. आईची खाट अतिदक्षता विभागात आणली गेली आणि तिची प्रसूतीनंतरची तपासणीही तेथेच होऊ लागली. अतिदक्षतेत असताना पहिल्या गटातील बाळ दिवसाकाठी सुमारे दीड तास छातीशी असे. दुसऱ्या गटातील बाळ जवळजवळ सतरा तास.