हफ्ता आणि हप्ता

उर्दूत ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा; मराठीत ‘हप्ता’ म्हणजे टप्प्याटप्प्याने फेडायची रक्कम. हा फरक वर्गात शिकवताना मला अमेरिकेतल्या मोटारीची गोष्ट आठवते.

हेन्री फोर्डने १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ आणली, तेव्हा तिची किंमत सुमारे ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये त्याच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली. साडेबारा तासांचे काम पुढे दीड तासावर आले. १९२५ पर्यंत साधी गाडी ३०० डॉलरच्या आत मिळू लागली.

पण फोर्डला उधारी आवडत नसे. १९२३ मध्ये त्याने योजना काढली: दर हफ्त्याला पाच डॉलर जमा करा, रक्कम पूर्ण झाली की गाडी न्या. जनरल मोटर्सने मात्र १९१९ मध्येच कर्ज देणारी कंपनी उघडली होती: गाडी आज न्या, पैसे नंतर द्या. लोकांना हेच पटले. पुढे रेडिओ, कपडे धुण्याचे यंत्र, फ्रीजही हप्त्याने घरात आले. ज्या कर्जाची लाज वाटे, त्याची रीत झाली.

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. पुढे मंदीत लाखोंचे पगार थांबले, हप्ते थांबले नाहीत. हप्ता चुकला की वस्तू जाई आणि भरलेले पैसेही.

यंत्राने वस्तू स्वस्त केली, पण घराचा हिशेब बदलला तो हप्त्याने. माझ्या मोटारसायकलचे हप्ते अजून चालू आहेत; म्हणून हा इतिहास मला परका वाटत नाही.