पदव्युत्तर प्रवेश मिळाला, आता राहायचं कुठे? पुण्यात येणाऱ्या मुलामुलींसाठी माहिती

मेरिट लिस्टमध्ये नाव आलं की घरात पेढे वाटले जातात आणि रात्री अब्बा-अम्मी हळूच विचारतात, "पण राहणार कुठे?" आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांचे पालक दरवर्षी हाच सवाल घेऊन येतात. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

विद्यापीठाचं वसतिगृह
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ गणेशखिंड भागात आहे. विभागात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालंच असं नाही. त्याचा अर्ज वेगळा असतो, जागा मर्यादित असतात. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच वसतिगृहाची चौकशी करावी. खर्चाच्या हिशोबाने हाच पर्याय सर्वात परवडतो.

नातेवाईकांकडे
आमचा एक विद्यार्थी एमएस्सीला लागला आणि कोंढव्यात मामूंकडे राहिला. भाडं नाही, घरचं जेवण, रमजानमध्ये सहेरीची फिकीर नाही. पण कोंढवा शहराच्या एका टोकाला, विद्यापीठ दुसऱ्या. रोजचे तीन तास बसमध्ये जात. प्रॅक्टिकल संपवून घरी पोचेपर्यंत रात्र व्हायची. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. मग खडकीत कॉट बेसिसवर जागा घेतली. खर्च वाढला, पण पुढच्या वेळी सगळे विषय निघाले. वाचलेलं भाडं आणि गेलेला वेळ, दोन्ही एकाच वहीत लिहून बघा.

भाड्याची खोली
इथे एक कडवी गोष्ट लपवून चालणार नाही. नाव ऐकल्यावर "खोली कालच गेली" असं उत्तर आमच्या मुलांनी अनेकदा ऐकलंय. म्हणून शेवटच्या आठवड्यावर काम ठेवू नका. आधीपासून शिकत असलेल्या सीनियरमार्फत शोधा. ओळखीने दार लवकर उघडतं. आणि नकार आला तर मुलाने तो स्वतःच्या लायकीवर घेऊ नये, हे घरातूनच सांगा.

खोली ठरली तर एवढं पाहा:
- करार लेखी हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइनही होते.
- डिपॉझिट रोख देऊ नका. खात्यातून द्या, पावती घ्या.
- सोडण्याआधी किती दिवसांची नोटीस, लाइटबिल कुणाचं, पाहुणे चालतात का, हे आधी विचारा.
- पोलीस पडताळणीचे कागद तयार ठेवा.

दोन ठिकाणी प्रवेश मिळाला तर
फक्त फी नका तोलू. फी, भाडं, मेस, प्रवास यांची वर्षाची बेरीज करा. प्रवेश रद्द केल्यास फी परत देण्याबाबत यूजीसीचे नियम आहेत. मात्र तारखा महत्त्वाच्या, उशीर झाला की रक्कम कमी होते. मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची असतात, संस्थेला ती अडकवून ठेवता येत नाहीत. महाडीबीटी पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासह इतर योजनांची पात्रता आपल्या अभ्यासक्रमानुसार तपासा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

मुलींच्या पालकांना
"राहायची सोय नाही" म्हणून प्रवेश सोडलेल्या हुशार मुली आम्ही पाहिल्यात. नाही म्हणण्याआधी एकदा मुलीला सोबत घेऊन या, वसतिगृह बघा, रेक्टरशी बोला. एक दिवसाचा प्रवास आहे. तिच्या मात्र दोन वर्षांचा नव्हे, पुढच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे.